गिळताना घशातून कानात जाणारी कळ: नवव्या नसेच्या दुखण्याचे निदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ६१. गेले आठ महिने त्यांना डाव्या बाजूला घशात, जिभेच्या मुळाशी, अचानक असह्य कळ येते आणि ती थेट कानात जाते. घास गिळताना, गार पाणी पिताना, कधी नुसते बोलतानाही ती उठते, काही सेकंद राहते आणि जाते. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा काढून झाल्या, पण फरक पडला नाही. टॉर्चने घसा पाहून काही नसल्याचे सांगण्यात आले आणि मेंदूचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला. मागच्या महिन्यात ताक पिताना कळ आली आणि त्या काही क्षण बेशुद्ध पडल्या. खाणे तुटल्यामुळे वजन उतरले आहे. त्या बरीच वर्षे मिशरी लावतात. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचे दुखणे आहे का, निदान नेमके कसे होते आणि सुचवल्याप्रमाणे तिसरी दाढ काढावी का, असे त्यांच्या मुलाने विचारले आहे.

दाढेपासून सुरुवात करतो, कारण तो निर्णय कदाचित याच आठवड्यात घ्यावा लागणार असेल. त्या दाढेत कीड, तडा किंवा मुळाशी पू असल्याचे तपासणीत आणि एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसत नसेल, तर ती काढू नये. तुम्ही केलेल्या वर्णनावरून सर्वांत आधी संशय येतो तो मेंदूतून निघणाऱ्या नवव्या नसेच्या दुखण्याचा, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जियाचा. मात्र हे नाव मी आज तात्पुरते घेतो आहे. तुमच्या आईंच्या हकिगतीत दोन गोष्टी अशा आहेत, की त्यांचा उलगडा झाल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने या निदानावर समाधान मानू नये: एक म्हणजे मिशरी आणि घटलेले वजन, आणि दुसरी म्हणजे कळ आली असताना हरपलेली शुद्ध.

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेण्याचे काम मुख्यतः पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल नस करते. कपाळ व डोळा, गाल व वरचा जबडा, आणि खालचा जबडा अशा तिच्या तीन शाखा आहेत. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भागही तिच्याच हद्दीत येतो. नववी नस त्याच्या मागे सुरू होते: जिभेचा मागचा एक तृतीयांश भाग, टॉन्सिलची जागा, घशाची मागची भिंत, आणि तिच्या एका बारीक शाखेमार्फत मधल्या कानाचे आतले अस्तर. घशात उठलेली कळ कानात जाते ती या शाखेमुळे. कानात स्वतंत्र आजार असतो असे नाही. याच नसेची आणखी एक शाखा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवरच्या, रक्तदाबावर लक्ष ठेवणाऱ्या भागातून मेंदूला खबर पोहोचवते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आईंच्या बेशुद्धीचा संबंध तिथे येतो.

हा आजार खरोखरच दुर्मीळ आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे साधारण चार ते तेरा आढळतात. नवव्या नसेचे एकापेक्षाही कमी. त्यामुळे एखाद्या चांगल्या दंतवैद्याने किंवा फॅमिली डॉक्टरने तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसणे अगदी शक्य आहे, आणि म्हणून आधी काढलेल्या दाढांबद्दल कुणाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. या दुखण्याच्या वैद्यकीय नोंदीची सुरुवातच अशा चकव्याने झालेली आहे. १९१० साली अमेरिकेतील वायसेनबर्ग या मेंदूविकारतज्ज्ञाने ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याच्यावर सहा वर्षे चेहऱ्याच्या नसेचे दुखणे म्हणून उपचार चालले होते. प्रत्यक्षात लहान मेंदूजवळच्या कोनात गाठ होती. पुढे १९२१ मध्ये लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी या दुखण्याला आजचे नाव दिले. ती पहिली हकिगत मी मुद्दाम सांगतो आहे. कोणत्या नसेत दुखते हे ठरवणे आणि ती नस का दुखते हे शोधणे, ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हावी लागतात.

पहिले काम जवळजवळ संपूर्णपणे रुग्णाच्या सांगण्यावर होते. रक्ताची कोणतीही चाचणी किंवा कोणतेही यंत्र ‘हा न्यूराल्जिया आहे’ असे सांगू शकत नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणातले निकषही मुळात रुग्णाच्या वर्णनाचेच निकष आहेत: दुखणे एका बाजूचे असावे, ते जिभेचा मागचा भाग, टॉन्सिलची जागा, घसा, जबड्याचा कोन किंवा कान यांच्या परिसरात असावे, एकेक झटका काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतचा असावा, तो तीव्र आणि विजेच्या धक्क्यासारखा किंवा भोसकल्यासारखा असावा, आणि तो गिळणे, खोकणे, बोलणे किंवा जांभई देणे यांमुळे सुरू होत असावा. तुमच्या पत्रात यांतल्या बहुतेक गोष्टी आपसूक आल्या आहेत.

तरीही मी समोर बसलेल्या रुग्णाला काही प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतो. ‘दुखते’ एवढ्या शब्दावर थांबून चालत नाही. कुणी म्हणते चमक मारते, कुणी म्हणते करंट बसतो, कुणी सुरी फिरल्यासारखे होते म्हणते. हे सगळे नसेच्या झटक्याचे बोलणे आहे. ‘ठणका लागतो’ असे कुणी म्हटले, तर मी दात, टॉन्सिल किंवा पू यांचा विचार आधी करतो. ‘आग आग होते’ असे असेल, तर नागीण होऊन गेली होती का, हे विचारतो. मग वेळ. रुग्ण म्हणतो ‘दिवसभर दुखते’, पण नीट विचारले की कळते, की प्रत्येक कळ दहा-वीस सेकंदांचीच असते, फक्त दिवसातून तीस-चाळीस वेळा येते, आणि मधल्या वेळात दुखण्यापेक्षा पुढच्या कळीची धास्ती जास्त असते. दिवसभर एकसारखे राहणारे दुखणे आणि दिवसभर सुटी सुटी येणारी कळ यांत निदानाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. तिसरा प्रश्न सुरुवातीच्या जागेचा. ‘सगळीकडे पसरते’ हे उत्तर उपयोगाचे नाही. कळ उठते कुठे, हे एका बोटाने दाखवायला सांगावे. आणि चौथा प्रश्न कारणाचा: चावल्याने उठते की गिळल्याने? घास तोंडात घोळवताना काही होत नाही आणि आवंढा गिळताच कळ येते, असे उत्तर आले तर माझा कल नवव्या नसेकडे झुकतो. ओठाला हात लागला, दात घासले, तोंडावर वारा लागला, दाढी केली की कळ उठते असे असेल, तर ती पाचवी नस.

दवाखान्यात रुग्णाकडे नुसते बघूनही बरेच समजते. पाचव्या नसेचा रुग्ण दुखणारी जागा दाखवताना बोट गालापासून इंचभर दूर ठेवतो. स्पर्श करायची त्याची हिंमत होत नाही. अनेकदा चेहऱ्याची एकच बाजू नीट धुतलेली असते, दुसरीकडे दाढीचे खुंट तसेच राहिलेले असतात. नवव्या नसेचा रुग्ण वेगळा दिसतो. तो लाळ गिळायची टाळतो, म्हणून हातात रुमाल असतो आणि मधूनमधून तो ओठांना टिपतो. मान किंचित दुखऱ्या बाजूला कललेली असते, बोलणे तुटक आणि हळू असते, आणि कळ आली की हात गालाकडे न जाता कानाकडे किंवा जबड्याच्या कोनाखाली जातो. पाण्याचा घोट दिला की तो भांडे ओठांशी नेऊन थांबतो, आणि त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत भीती स्पष्ट दिसते. ज्या रुग्णाची शुद्ध कधी हरपलेली आहे, त्याला मात्र अशा रीतीने पाणी पाजून कळ आणण्याचा प्रयोग नाडीवर लक्ष ठेवण्याची सोय असल्याशिवाय करू नये, घरी तर मुळीच करू नये.

तुमचा थेट प्रश्न आहे की हे ट्रायजेमिनल आहे का. त्या दोघांत गोंधळ होण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे खालच्या जबड्याची शाखा. तिथली कळही कानापुढे जाते. फरक असा, की ती कळ हिरडी, ओठ, हनुवटी किंवा जिभेच्या पुढच्या कडेला सुरू होते आणि कानाच्या समोर थांबते, तर नवव्या नसेची कळ कानाच्या आत खोल जाते. काही थोड्या रुग्णांत दोन्ही नसांचे दुखणे एकत्र असते, हेही ध्यानात असावे. दातांशी होणारा घोटाळा दोन्हींत होतो. दाताचे दुखणे थंड-गरम लागल्यावर येते, पण कारण दूर झाल्यावरही मिनिटभर किंवा अधिक रेंगाळते, रात्री आडवे झाल्यावर वाढते, आणि त्या दातावर ठोकले की नेमका तोच दात दुखतो. तडा गेलेली दाढ मात्र चावताना क्षणभर तीव्र कळ देऊन फसवू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे येण्यापूर्वी दंतवैद्याची एक नीट तपासणी आणि एक्स-रे झालेला असणे मला नेहमीच हवे असते. माझा आक्षेप आहे तो केवळ ‘काढून बघू’ म्हणून निरोगी दाढ काढण्याला. या आजारात कळा अधूनमधून आपणहून आठवडे-महिने थांबतात. दाढ काढल्यानंतर नेमका असा काळ आला तर दाढेचेच दुखणे होते असा समज पक्का होतो, आणि कळ परतली की शेजारची दाढ संशयित ठरते.

याच भागात आणखी काही दुखणी अशीच रूपे घेऊन येतात. दहाव्या नसेच्या एका शाखेचे, म्हणजे सुपीरियर लॅरिंजियल नसेचे दुखणे स्वरयंत्राच्या बाजूला उठते. तिथे बाहेरून बोटाने दाबल्यावर एक नेमका दुखरा बिंदू सापडतो, आणि ओरडणे किंवा मान वळवणे यानेही कळ येते. सातव्या नसेसोबत जाणाऱ्या एका बारीक नसेचे दुखणे केवळ कानाच्या आत खोल असते, घशात नसते. कपाळ आणि डोळ्याभोवती सेकंदांच्या कळा येऊन त्याच बाजूचा डोळा लाल होत असेल व पाणी गळत असेल, तर तो गट पूर्णपणे वेगळा आहे आणि त्याची औषधेही वेगळी आहेत. जबड्याच्या सांध्याचे दुखणे तोंड उघडताना व चावताना येते, सांधा कटकट वाजतो आणि दुखणे बोथट असते.

दोन शक्यतांवर थोडे थांबावे लागेल. पहिली ईगल सिंड्रोमची. कानाखाली कवटीपासून एक टोकदार हाड खाली येते. ते साधारण अडीच सेंटिमीटर असते. ते तीन सेंटिमीटरपेक्षा लांब झाले किंवा त्याला जोडलेला अस्थिबंध कडक झाला, तर टॉन्सिलच्या मागे टोचल्यासारखे दुखते, गिळताना व मान वळवताना वाढते आणि कानातही जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. हातमोजा घालून टॉन्सिलच्या खाचेत बोटाने दाबले असता हाडाचे टोक लागते आणि रुग्ण ‘हेच, हेच’ म्हणतो. सीटी स्कॅनमध्ये लांबी मोजता येते. परंतु हे हाड लांब असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कसलाही त्रास होत नाही. स्कॅनमध्ये लांब हाड दिसले म्हणून तेच कारण, असे धरून शस्त्रक्रियेला घाई करू नये. बोटाने दाबल्यावर तेच ओळखीचे दुखणे उठले पाहिजे.

दुसरी शक्यता पन्नाशीनंतरच्या धमनीदाहाची. कानशिलाजवळच्या धमनीला सूज येणारा हा आजार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो, पण चुकला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून साठीच्या प्रत्येक रुग्णाला मी त्याबद्दल विचारतोच. चावता चावता जबडा भरून येतो आणि चावणे थांबवले की मोकळा होतो, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, बारीक ताप व अंगदुखी असते. ईएसआर आणि सीआरपी या साध्या रक्तचाचण्या तेव्हा लगेच कराव्यात आणि संशय बळकट असल्यास स्टेरॉइड सुरू करण्यासाठी अहवालांची वाट पाहू नये.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली तिच्याकडे येतो. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि घशाचा खालचा भाग इथल्या कर्करोगाचे पहिले लक्षण पुष्कळदा एका बाजूचे घशाचे दुखणे आणि त्याच बाजूच्या कानात जाणारी वेदना हेच असते, कारण तो मार्ग त्याच नवव्या व दहाव्या नसांचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू, मावा आणि मिशरी घरोघर आहेत, आणि मिशरीला तर अनेक घरांत व्यसन मानतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या बाई ‘मिशरी लावता का?’ म्हटल्यावर हो म्हणतात. म्हणून हा प्रश्न नाव घेऊनच विचारावा लागतो. टॉर्चच्या उजेडात टॉन्सिलचा पुढचा भाग दिसतो. जिभेचे मूळ, टॉन्सिलच्या मागची घडी, स्वरयंत्राच्या बाजूच्या खाचा दिसत नाहीत. त्यासाठी नाकातून घालायची लवचीक दुर्बीण लागते, जिभेच्या मुळावर बोट फिरवून कडकपणा पाहावा लागतो आणि मानेतल्या गाठी चाचपाव्या लागतात. टॉर्चने घसा पाहून झाला, एवढ्यावर मी घसा निर्दोष मानणार नाही. सुटी सुटी कळ नसेच्या आजाराच्या बाजूने बोलते हे खरे, आणि वजन न खाल्ल्याने उतरलेले असू शकते हेही खरे. तरीही दुर्बिणीची तपासणी सगळ्यांत आधी व्हावी. कळांच्या मधल्या वेळातही सतत राहणारे बोथट दुखणे, आवाजात बदल, घास अडकणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर ती तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. काही दिसल्यास तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बेशुद्धीबद्दल. नवव्या नसेतून झटक्यासरशी उसळलेले संदेश मेंदूच्या देठात पोहोचतात, तेव्हा ते शेजारच्या, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या दहाव्या नसेच्या केंद्रालाही चेतवू शकतात. मग नाडी एकदम मंदावते, रक्तदाब पडतो, आणि क्वचित काही सेकंद हृदयाचे ठोके थांबतात. रुग्ण पांढरा पडतो, कोसळतो, कधी हातपाय झटकतो आणि त्यामुळे त्याला फिट येते असे समजून त्या दिशेने उपचार सुरू होतात. हा प्रकार या आजाराच्याही थोड्याच रुग्णांत दिसतो, पण तो धोक्याचा आहे. तुमच्या आईंचा ईसीजी आणि निदान चोवीस तासांची होल्टर तपासणी, म्हणजे अंगावर छोटे यंत्र लावून हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद, झाली पाहिजे. कळा वारंवार येत असतील तर रुग्णालयात मॉनिटर लावून एक झटका नोंदवता आला तर निदानाचा मोठा भाग तिथेच पक्का होतो, कारण गिळणे, कळ आणि मंदावलेली नाडी यांचा क्रम कागदावर दिसतो. तोपर्यंत त्यांनी उभ्याने काही खाऊ-पिऊ नये, जेवताना कुणीतरी जवळ असावे, न्हाणीघराला आतून कडी लावू नये. बेशुद्धी पुन्हा आली तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

निदानाला मदत करणारी एक जुनी आणि साधी चाचणी आहे. टॉन्सिलच्या जागेवर आणि घशाच्या त्या बाजूच्या भिंतीवर लिग्नोकेन या भूल देणाऱ्या औषधाचा फवारा मारतात. त्यानंतर तासभर रुग्णाला गिळताना कळ आली नाही, तर कळीचा उगम त्या जागेवर आहे असे समजते, आणि पाचव्या नसेचे दुखणे असण्याची शक्यता कमी होते. अनेक आठवड्यांत पहिल्यांदा आवंढा निर्धास्त गिळता आल्यावर रुग्णाचे डोळे भरून येतात, आणि त्या आनंदात ही चाचणी जितके सांगते त्याहून जास्त तिच्यातून काढले जाते. घशाच्या पृष्ठभागावरचा व्रण, मग तो कर्करोगाचा का असेना, भूल दिल्यावर तोही दुखायचा थांबतो. म्हणून चाचणीने आराम पडला तरी दुर्बीण टळत नाही. भुलीचा अंमल असेपर्यंत काही खाऊ-पिऊ देऊ नये, कारण घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

‘नॉर्मल’ एमआरआयबद्दल. डोकेदुखीसाठी केला जाणारा मेंदूचा सर्वसाधारण एमआरआय जाड कापांत घेतलेला असतो आणि त्यात नववी नस बहुधा दिसतच नाही. या आजारासाठी चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे लागते: मेंदूच्या देठालगत पाचव्या, नवव्या आणि दहाव्या नसांच्या मुळांचे बारीक कापांचे त्रिमितीय चित्रण, ज्याला यंत्राप्रमाणे सीआयएसएस किंवा फिएस्टा म्हणतात, त्यासोबत रक्तवाहिन्यांचे चित्रण, आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन केलेला भाग. शिवाय चित्रण मेंदूवर थांबू नये. कवटीच्या तळाचे ते छिद्र, ज्यातून नववी, दहावी आणि अकरावी नस बाहेर पडते, तिथपासून घसा आणि मानेपर्यंत ते यायला हवे. लहान मेंदूजवळची गाठ, कवटीच्या तळाची गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांचे आवरण झिजवणाऱ्या आजाराचे डाग, हे सगळे शोधायचे असते. वय चाळिशीच्या आत असेल, दुखणे दोन्ही बाजूंना असेल किंवा तपासणीत बधिरपणा सापडला, तर अशा दडलेल्या कारणाचा संशय जास्त धरावा लागतो. नुसत्या न्यूराल्जियात तपासणीत सहसा काही सापडत नाही. पडजीभ एका बाजूला ओढली जाणे, आवाज घोगरा होणे, जीभ वाकडी निघणे ही नसेवर दाब असल्याची खूण आहे.

उरला प्रश्न रक्तवाहिनीचा. पुष्कळ रुग्णांत एखादी धमनी, नवव्या नसेच्या बाबतीत बहुधा लहान मेंदूच्या खालच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी, नसेच्या मुळाशी टेकलेली असते आणि तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर नसेचे आवरण झिजत जाते. पण ज्यांना कधीही कळ आलेली नाही, अशांच्याही चित्रणात धमनी आणि नस टेकलेल्या दिसतात. म्हणून अहवालात ‘लूप’, म्हणजे नसेला टेकलेले धमनीचे वळण, हा शब्द वाचून घाबरू नये, आणि तो नाही म्हणून आजार नाही असेही समजू नये. दुखण्याची बाजू आणि स्पर्शाची बाजू एक आहे का, नस वाकलेली किंवा बारीक झालेली आहे का, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी चित्रे स्वतः डोळ्यांखालून घालणारा डॉक्टर हवा, नुसता अहवाल पुरत नाही. सीडी जपून ठेवावी.

औषधाने पडणारा फरक हाही निदानाचा एक धागा आहे. कार्बामाझेपिन हे औषध १९६२ पासून या कळांसाठी वापरात आहे आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी तसूभरही न हललेली कळ त्याच्या छोट्या मात्रेने काही दिवसांत उतरते, तेव्हा नसेच्या दुखण्याचा संशय बळकट होतो. तुमच्या आईंना मात्र ते ईसीजी पाहिल्याशिवाय कुणीही सुरू करू नये. हृदयातल्या विद्युत्संदेशांत अडथळा असेल तर हे औषध तो वाढवू शकते. सुरू करण्यापूर्वी रक्तपेशी, यकृत आणि सोडियम यांची तपासणी हवी. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे, कारण थोड्या लोकांत याची कातडी सोलवटणारी गंभीर प्रतिक्रिया येते. तिचा धोका एचएलए-बी १५०२ या जनुकीय प्रकाराशी जोडलेला आहे आणि तो आशियाई लोकांत जास्त सापडतो. शक्य असेल तिथे ती चाचणी आधी करून घ्यावी. असे काही नसताना आराम पडला म्हणून गोळी एकदम बंदही करू नये.

आईंना कुणी ‘मनाचे दुखणे’ म्हटले असल्यास ते मनावर घेऊ नका आणि त्यांनाही घेऊ देऊ नका. कळ नसताना माणूस पूर्ण बरा दिसतो, तपासण्या स्वच्छ येतात आणि घरातलेही हळूहळू शंका घेऊ लागतात. या आजाराच्या रुग्णाला कळीइतकेच हे अविश्वासाचे ओझे सोसावे लागते. खाण्याच्या भीतीने त्या खंगत असतील, तर निदान होईपर्यंत पातळ, कोमट आणि मऊ अन्न, भाताची पेज, वरणाचे पाणी, खिमट, छोट्या घोटांनी, मान निरोगी बाजूला किंचित वळवून घेऊन पाहावे. काहींना त्याने सोपे जाते. पाणीही जात नसेल, तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून किंवा नळीने द्यावे लागेल, त्यात कमीपणा मानू नये.

भेटीला जाण्यापूर्वी चार-पाच दिवसांची वही ठेवा: कळ किती वाजता आली, तेव्हा त्या काय करत होत्या, किती सेकंद राहिली, कुठून कुठे गेली, चक्कर आली का. जमल्यास एखादा झटका मोबाइलवर टिपा. कळ आली तेव्हा हात कुठे गेला आणि चेहरा पांढरा पडला का, हे त्यात दिसते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी, त्याच दिवशी ईसीजी, आणि मग न्यूरॉलॉजिस्टकडे वही, एक्स-रे व एमआरआयची सीडी घेऊन, असा क्रम ठेवा. दुर्बीण आणि नवा एमआरआय स्वच्छ आले, फवाऱ्याच्या चाचणीने कळ थांबली आणि औषधाने आराम पडला, तर नवव्या नसेचे निदान पक्के धरता येईल. औषध पुरे पडत नसेल किंवा बेशुद्धी पुन्हा येत असेल, तर नसेवरची धमनी बाजूला करणारी शस्त्रक्रिया अनुभवी न्यूरोसर्जनकडून करता येते, आणि तो विचार फार लांबवू नये. पुढे केव्हाही दुखण्याचे रूप बदलले, कळांच्या मधल्या काळात सतत दुखू लागले, घशात किंवा जिभेवर बधिरपणा आला किंवा आवाज बसला, तर जुन्या अहवालांवर विसंबू नये. दुर्बीण आणि एमआरआय दोन्ही नव्याने करून घ्यावेत.